चेंडू येण्याआधी

मी आयुष्यभर मधल्या फळीत खेळलो. आधी नगरजवळच्या भिंगारच्या मैदानावर, मग कॉलेजच्या संघात, पुढे पुण्यात नोकरी सांभाळत तिथल्या लीगमध्ये. व्यावसायिक खेळाडू झालो नाही, पण त्या पायरीवर पोचलेल्यांना जवळून पाहिलं आणि काहींच्या विरुद्ध खेळलोही. आता नगरला परतून मुलांना फुटबॉल शिकवतो. मिडफिल्डरची कारकीर्द कशावर उभी राहते, याचा विचार इतकी वर्षं करत आलोय म्हणून हे लिहितो.

भिंगारच्या मुलाला फुटबॉल लष्करामुळे भेटतो. आर्मर्ड कोअरचं केंद्र आणि मेकनाइज्ड इन्फन्ट्रीचं केंद्र, दोन्ही नगरला. देशभरातले जवान इथे येतात. बंगालचे, केरळचे, मणिपूरचे जवान संध्याकाळी खेळायचे आणि आम्ही पोरं रेषेबाहेर गेलेला चेंडू आणून द्यायचो. कधी एखादा माणूस कमी पडला की आम्हाला आत घ्यायचे. त्यांच्यातल्या एका हवालदारांनी मला मध्ये उभं केलं. चेंडू पायात आला की मी खाली मान घालून पळत सुटायचो. ते थांबवायचे आणि म्हणायचे, "बॉल आने से पहले देखो, बेटा. आने के बाद टाइम नहीं मिलता." माझं सगळं शिक्षण या दोन वाक्यांत आहे. पुढे प्रशिक्षकांनी जे शिकवलं तो त्याचाच विस्तार होता.

मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. वरच्या दर्जाच्या सामन्यात मिडफिल्डर १० ते १२ किलोमीटर धावतो, आणि त्यातला बहुतेक वेळ चेंडू त्याच्याजवळ नसतोच. त्या वेळात तो काय करतो यावर त्याची किंमत ठरते. खांद्यावरून मागे नजर टाकायची, आपला कोण मोकळा आहे आणि समोरचा किती दूर आहे ते टिपायचं, अंग अर्धं वळवून उभं राहायचं, म्हणजे पहिल्या स्पर्शातच चेंडू पुढच्या दिशेला निघतो. प्रेक्षकाला दिसतो तो साधा पास. त्याआधीची दोन-तीन वेळा वळलेली मान कुणाला दिसत नाही.

मला ती नीट दिसली पुण्यातल्या बालेवाडीच्या स्टेडियमवर. पुणे एफसी आय-लीगमध्ये खेळायला लागल्यावर आम्ही मित्र सामन्यांना जायचो. गोव्याचा डेम्पो संघ आला की मी त्यांच्या मिडफिल्डरवर, क्लायमॅक्स लॉरेन्सवर, नजर ठेवून बसायचो. प्रशिक्षक आरमांडो कोलासोंच्या त्या डेम्पोनं २००७-०८ मध्ये पहिली आय-लीग जिंकली, पुढे २००९-१० आणि २०११-१२ मध्येही. चेंडू कुठेही असो, मी तिकडे बघायचं नाही, फक्त या एका माणसाकडे बघायचं, असं ठरवून बसायचो. फुटबॉल शिकणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी सामना असा बघावा. मधल्या फळीतला माणूस किती चालतो, कुठे थांबतो, कुणाला हातानं जागा दाखवतो, हे टीव्हीवर कळत नाही.

लॉरेन्सचा एक गोल भारतीय फुटबॉलच्या इतिहासात फार मोठा आहे. २००८ ची एएफसी चॅलेंज कप स्पर्धा भारतात होती. दिल्लीच्या अंतिम सामन्यात सुनील छेत्रीनं ताजिकिस्तानविरुद्ध हॅटट्रिक केली, भारत ४-१ नं जिंकला आणि २०११ च्या आशिया चषकात तब्बल २७ वर्षांनी पोचला. ती हॅटट्रिक सर्वांच्या लक्षात आहे. पण त्याआधी हैदराबादला गटातल्या अफगाणिस्तानविरुद्धच्या सामन्यात गोल होता होत नव्हता. नव्वद मिनिटं सरली आणि ९१ व्या मिनिटाला लॉरेन्सनं गोल केला. त्या विजयाच्या गुणांवर पुढचा रस्ता उभा राहिला. मधल्या फळीतला माणूस दीड तास इतरांसाठी राबतो आणि गरज पडली तर शेवटच्या मिनिटाला स्वतः पुढे येतो. माझ्या मुलांना मी हा गोल आवर्जून सांगतो.

गेल्या वर्षी एक वडील भेटायला आले. नेप्तीच्या बाजारात कांद्याच्या गाळ्यावर काम करतात. त्यांचा मुलगा माझ्याकडे मध्ये खेळतो. "सर, पोरगं चांगलं खेळतंय म्हणता, पण यात पोटापाण्याचं काय?" त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्यांना खरं उत्तर मिळायला हवं होतं.

मी म्हणालो, "भाऊ, खरं सांगतो. आधीच्या पिढीतले खेळाडू कंपन्यांच्या संघात असायचे. मुंबईत मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र यांचे संघ होते. खेळायचं आणि नोकरीही करायची. आता करार असतो, एक-दोन मोसमांचा. क्लबच बंद झाला तर करारही जातो." महिंद्र युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघ बंद केला. पुणे एफसी २०१५ मध्ये संपला. २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले. ज्या संघांकडे बघून आम्ही शिकलो, ते असे एकामागून एक गेले. खेळाडूचा पाय शाबूत असतो, पण खेळायला जागा उरत नाही. म्हणून मी त्यांना म्हटलं की मुलाची शाळा सुटू द्यायची नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, सैन्यदल आहे, रेल्वे आहे, प्रशिक्षकाचा परवाना आहे. खेळ आणि शिक्षण दोन्ही धरून चालायचं.

मात्र व्यावसायिक होण्याआधीच नगरच्या मुलाची एक अडचण होते, ती पायाखालच्या जमिनीची. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. पावसाचे महिने सोडले तर मैदान टणक आणि उघडं. अशा जमिनीवर चेंडू कसाही उडतो. मुलाची नजर चेंडूवरून हटत नाही, कारण हटली तर चेंडू निसटतो. मग तो लांब लाथ मारून मोकळा होतो. आपल्याकडे पळणारे आघाडीवीर तयार होतात, धिप्पाड बचावपटू तयार होतात, पण मान वर करून खेळणारा मिडफिल्डर क्वचित होतो. यात मुलांचा दोष नाही. म्हणून आम्ही मैदानाचा एक कोपरा पाणी मारून, गवत राखून सांभाळतो. लहान मुलं तिथेच खेळतात. तेवढ्या तुकड्यावर त्यांची नजर वर येते, हे मी रोज बघतो.

दुसरी गरज सामन्यांची. १५ सप्टेंबर २०१७ ला, सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर, राज्यभरात १० लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम झाला. खेड्यापाड्यांतल्या शाळांत नवे चेंडू आले. त्या दिवशी जिल्ह्यातल्या कितीतरी मुला-मुलींनी पहिल्यांदा फुटबॉलला पाय लावला. ऑक्टोबरमध्ये दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगनं भारताचा विश्वचषकातला पहिला गोल केला. तोही मिडफिल्डर. त्याच संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. कोल्हापूरचाच निखिल कदम पुणे एफसीतून मोहन बागानपर्यंत गेला. कोल्हापुरात हे घडतं, कारण तिथे तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियम आहे आणि पेठाच्या पेठा सामन्याला लोटतात. मुलगा लहानपणापासून दडपणाखाली खेळतो. एका दिवसाच्या उत्सवानं आवड लागते, खेळाडू मात्र दर आठवड्याच्या सामन्यानं घडतो.

कांद्याच्या गाळ्यावरच्या त्या वडिलांच्या मुलानं परवा मला विचारलं, "सर, मी गोल करत नाही. मला निवडणार कोण?" त्याला मी पुण्याच्या निवड चाचणीला पाठवतोय. जाणकार निवडकर्ता चेंडू नसलेल्या खेळाडूकडे बघतो, हे मी त्याला सांगितलं आणि ते खरं आहे. पण अशा एका चाचणीच्या भरवशावर मुलांना सोडणं बरोबर नाही. दहा वर्षांखालच्यांपासून अठरापर्यंत प्रत्येक वयोगटाची, मुलांची आणि मुलींची, वर्षभर चालणारी जिल्हा लीग हवी. तालुक्याला एक तरी हिरवं, पाणी मारलेलं मैदान हवं. पारनेर, राहुरी, शेवगाव, जामखेड, कुठल्याही तालुक्यातलं पोर तिथे पोचू शकेल असं. व्यावसायिक मिडफिल्डर घडायला दहा-बारा वर्षं लागतात. आज आठ वर्षांचा असलेल्या मुलासाठी ते मैदान आजच तयार करायला घ्यावं लागेल.