अँटवर्प : धुराडी आणि शिळा पाव

अँटवर्पच्या मध्यवर्ती स्थानकातून बाहेर पडले की काही पावलांवरच हिऱ्यांच्या पेढ्यांची गल्ली लागते. आपल्याकडील बहुतेकांचे अँटवर्प येथे सुरू होते आणि विलरेइकच्या संगमरवरी जैन मंदिरात दर्शन घेऊन संपते. माझेही दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी आतेबहिणीच्या यजमानांनी मला 'मास' संग्रहालयाच्या गच्चीवर नेले. तेथे जाण्यास तिकीट लागत नाही.

उत्तरेकडे नदीच्या काठाने, नजर पोहोचेल तेथवर, गोद्या, टाक्या, नळ आणि धुराडी. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या खालोखाल रसायनउद्योगाचे मोठे केंद्र म्हणून हे बंदर ओळखले जाते. बंदर वाढत गेले तशी वाटेतील गावे उठली. विल्मार्सडोंक गावाच्या चर्चचा मनोरा तेवढा कंटेनरांच्या राशींमध्ये एकटा उभा आहे.

याच बंदरातील बीएएसएफच्या आवारात २० फेब्रुवारी २०२४ रोजी ७३ उद्योगप्रमुखांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. रशियाचा वायू २०२२ पासून आटला, इंधन महागले आणि कर्बवायू कमी करण्याची मुदत तर डोक्यावर. तेव्हा आम्हाला हात द्या, असा त्याचा आशय. वर्षभराने, २६ फेब्रुवारी २०२५ रोजी, युरोपीय आयोगाने आपला 'स्वच्छ उद्योग करार' मांडला आणि अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायन त्याच दिवशी अँटवर्पला येऊन बोलल्या. शंभर अब्ज युरोंहून अधिक निधी उभारण्याची ती योजना आहे. पुढे जूनमध्ये सरकारी मदतीचे नियमही २०३० अखेरपर्यंत सैल करण्यात आले.

व्यापाऱ्याच्या नजरेने पाहता येथेच मला खटकते. एरवी युरोपात एखाद्या सरकारने आपल्याच कारखान्याला पैसा पुरवून स्पर्धा बिघडवू नये, असा दंडक आहे. तो सैल झाला की जर्मनीसारखा धनवान देश जेवढे देऊ शकेल, तेवढे लहान देश कोठून देणार? एकाच पेठेतील दोन दुकानांपैकी एकाच्या मागे सासऱ्याची तिजोरी असावी, तसे हे. आणि पैसा प्रत्येक कारखान्याला वेळेवर पोहोचतोच असे नाही. तो करार जाहीर झाल्यानंतर दोनच दिवसांनी, २८ फेब्रुवारीला, ब्रुसेल्समधील ऑडीचा मोटार कारखाना कायमचा बंद झाला. सुमारे तीन हजार माणसे तेथे काम करीत होती.

संध्याकाळी घरी परतलो. उन्हाळ्यात येथे सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास होतो, त्यामुळे चोविहार करणाऱ्यांना घाई नसते. जेवणे आटोपत असतानाच वरच्या मजल्यावरचे शेजारी आले. बंदरातील एका कारखान्यात ते तीस वर्षे पाळीने काम करतात. हातात कागदी पिशवी होती. दुकानांतला न खपलेला माल दिवसाअखेरीस मोबाइलवरून स्वस्तात विकतात. आत काय निघेल ते पिशवी उघडल्यावरच कळते. बहिणीने हसून हात जोडले.

"दादा, आत डुकराचे मांसही निघू शकते. शिवाय आपल्याकडे शिळे चालत नाही, म्हणून मी मापूनच शिजवते," ती मला म्हणाली.

युरोपीय संघात २०२२ मध्ये सुमारे ५ कोटी ९० लाख टन अन्न वाया गेले, माणशी १३२ किलो. त्यातील निम्म्याहून अधिक घराघरांतले. शिजवलेले खरकटे गुराडुकरांना घालण्यासही येथे कायद्याने बंदी आहे. रोगाच्या साथीची धास्ती. गायीला पोळी घालणाऱ्या आपल्या घरांना हे चमत्कारिक वाटेल. मग खरकट्याचे खत करायचे, नाही तर वायू. २०२५ च्या सप्टेंबरात संघाने प्रथमच बंधनकारक उद्दिष्टे ठरवली. २०३० पर्यंत दुकाने, उपाहारगृहे आणि घरे यांनी माणशी नासाडी ३० टक्क्यांनी घटवायची. अन्नप्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांनी मात्र १० टक्क्यांनी. शेतातल्या नासाडीला उद्दिष्टच नाही. घटीचे माप तीन पट कडक कोणाला लावले, ते वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. भुसार मालाच्या व्यापारात जन्म गेल्यामुळे मला तरी पोत्यातली गळती ताटातल्या उरल्यासुरल्याइतकीच दिसते.

मी शेजाऱ्यांना त्या शंभर अब्जांविषयी विचारले. त्यांनी खांदे उडवले. कारखान्याची एक भट्टी गेल्या वर्षी विझवली, ती पुन्हा पेटवणार की नाही हे कोणी सांगत नाही, एवढेच ते म्हणाले. निवृत्तीला सहा वर्षे उरली आहेत.

मग त्यांनी पिशवी उघडली. आत तीन पाव आणि सफरचंदाचा एक केक होता. दोन पाव त्यांनी रात्रपाळीच्या डब्यासाठी बाजूला ठेवले, तिसरा घरी फ्रीजरमध्ये टाकायला बायकोकडे धाडला आणि सायकलवरून बंदराकडे निघून गेले.