हिरवळीचे राखणदार

शेजारचे काका एका रिसॉर्टच्या गोल्फ मैदानावर माळी आहेत. पहाटे लांब काठी फिरवून ते 'ग्रीन'वरचं दंव झाडतात. साचून राहिलं तर बुरशी धरते. मग 3-4 मिलिमीटरवर कापणी. 108 मिलिमीटर व्यासाचा तो खड्डाही वरचेवर हलवायचा, नाहीतर एकाच जागचं गवत तुडवलं जातं. नव्या खड्ड्याची ढेप जुन्यात बसवायची. मला तर ही भातलावणीच वाटते! खेळणाऱ्यांना हे कुठं दिसतं म्हणा.

काकांचं खाजनातलं शेत मात्र पडीक आहे. बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं, दुरुस्तीला माणसं मिळेनात. विचारलं तर हसले.

"तिथं गवत उपटून कंबर मोडली रे. इथं गवताचाच पगार मिळतो."

"आणि तांदूळ?"

"दुकानातून आणतो."