पडलेल्या नाटकांची गाणी

१७ नोव्हेंबर १९३९ या दिवशी न्यूयॉर्कच्या ॲल्विन थिएटरात 'व्हेरी वॉर्म फॉर मे' नावाच्या संगीत नाटकाचा पडदा उघडला. संगीत जेरोम कर्नचं, पदं ऑस्कर हॅमरस्टीनची. बारा वर्षांपूर्वी 'शो बोट' देऊन ब्रॉडवेचं वळण बदलून टाकणारी ही जोडी. तरीही नाटक पडलं. एकोणसाठ प्रयोग झाले आणि गाशा गुंडाळला. कर्नचं ब्रॉडवेवरचं ते शेवटचं नवं नाटक. त्याचं कथानक आज अमेरिकेतही फारसं कुणाला आठवत नाही, आणि वाचून पाहिलं तर न आठवण्यातच शहाणपण आहे असं वाटतं. पण त्या नाटकात 'ऑल द थिंग्ज यू आर' हे गाणं होतं. लिस्बन असो, टोकियो असो की वांद्रे, चार अनोळखी जॅझवादक एका मंचावर चढले आणि काय वाजवायचं ते ठरेना, की पहिल्या चार-पाच नावांत हे नाव निघतंच.

जॅझवाले अशा गाण्यांना स्टँडर्ड म्हणतात. मला ती ऐकायचं वेड आहे, आणि त्याहून जास्त वेड त्यांची कुळी शोधायचं. शोधायला गेलं की बहुतेकांचं मूळ गाव एखादं नाटक निघतं, तेही पुष्कळदा पडलेलं नाही तर विसरलेलं. 'समरटाइम' ज्या 'पोर्गी अँड बेस'मधलं, तो गर्श्विनचा १९३५ चा ऑपेरा १२४ प्रयोगांनंतर घातलेले पैसे बुडवून बंद झाला. 'माय फनी व्हॅलेंटाइन' हल्ली फेब्रुवारीच्या चौदा तारखेला कॉफीच्या दुकानांतून वाजतं. १९३७ च्या मूळ नाटकात व्हॅलेंटाइन हे चक्क एका पोराचं नाव आहे आणि मुलगी त्याच्या ध्यानाची प्रेमळ थट्टा करते आहे. या गाण्यांना सुरुवातीला एक छोटी प्रस्तावना असे. संवादातून गाण्यात शिरण्यापुरत्या चार ओळी. जॅझवाल्यांनी सर्वांत आधी ती कापली. गाणं नाटकाला ज्या दोरीने बांधलेलं होतं ती दोरीच तुटली.

नाटक गेलं आणि पद उरलं, यात मराठी माणसाला नवल नाही. 'मानापमान' रंगमंचावर अथपासून इतिपर्यंत पाहिलेले किती आणि त्यातली पदं मैफलीत ऐकलेले किती, हा हिशेब मांडायलाच नको. पण आपल्याकडची वाट दुहेरी होती. भास्करबुवा बखल्यांनी 'स्वयंवर'साठी मैफलीतल्या चिजांवरून चाली बांधल्या आणि ती पदं फिरून मैफलीत आली. गायकाने ताना किती का घेईना, पदाचे शब्द आणि तोंड शाबूत राहिलं. अमेरिकेत गाणं मैफलीत शिरलं ते शब्द टाकून. कित्येकदा तर चालही टाकून.

मग उरलं काय? उरला कॉर्डचा, म्हणजे चालीखाली वाजणाऱ्या स्वरगुच्छांचा, सांगाडा. बहुतेक स्टँडर्ड बत्तीस बारांची असतात, बारात चार मात्रा. आठ बारांचा एक खंड, तोच पुन्हा, मग वेगळा आठ बारांचा ब्रिज, आणि शेवटी पहिला खंड परत. आपल्या हिशेबाने १२८ मात्रांचं एक आवर्तन. वादक या आवर्तनात फिरत राहतात आणि दर वेळी समेवर येतात. जॅझ म्हणजे अमेरिकेचं रागसंगीत, असं आपल्याकडे कौतुकाने म्हटलं जातं. मला ते मुळीच पटत नाही. राग आपल्याला एका षड्जावर तासभर बसू देतो. इथे बुडाखालचा षड्जच सरकत असतो. 'ऑल द थिंग्ज यू आर'च्या छत्तीस बारांत तो पाच ठिकाणी जाऊन येतो, आणि तरी ऐकणाऱ्याला कुठे धक्का बसत नाही. हे गाणं लोकांच्या ओठी बसायला फार अवघड आहे, अशी खुद्द कर्नला धास्ती होती म्हणतात. वादकांनी ते उचललं ते या अवघडपणासाठीच.

या साऱ्या गोतावळ्यात माझा जीव सर्वांत जास्त अडकलाय तो 'बॉडी अँड सोल'मध्ये. त्याचा कर्ता जॉनी ग्रीन हार्वर्डला अर्थशास्त्र शिकलेला, वॉल स्ट्रीटवर थोडे दिवस खर्डेघाशी केलेला तरुण. १९३० मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्याने हे गाणं गर्ट्रूड लॉरेन्स या इंग्लिश नटीसाठी बांधलं. ते आधी लंडनला वाजलं, मग त्याच वर्षी ऑक्टोबरात 'थ्रीज अ क्राउड' या ब्रॉडवेवरच्या कार्यक्रमात लिबी होल्मनने गायलं. शब्द तिघांचे, आणि खरं सांगायचं तर रडके. तुझ्यावाचून माझं काही खरं नाही, या एका तक्रारीवर सगळा भार. चाल मात्र विलक्षण. जॅझवाले सहसा वाजवतात तसं ते काळी एकमध्ये धरलं, तर ब्रिजला एकदम अर्धा स्वर वर, पांढरी दोनमध्ये चढतं, तिथून उतरून पांढरी एकमध्ये येतं आणि अलगद पुन्हा काळी एकवर टेकतं. एकविसाव्या वर्षी हे सुचणाऱ्याला मी खर्डेघाशी माफ केली आहे.

लुई आर्मस्ट्राँगने १९३० मध्येच ते मुद्रित केलं, १९३५ मध्ये बेनी गुडमनने. पण गाण्याचा दुसरा जन्म झाला ११ ऑक्टोबर १९३९ रोजी. म्हणजे कर्नचं नाटक पडायला लागण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, त्याच न्यूयॉर्कमध्ये. कोलमन हॉकिन्स हा टेनर सॅक्सोफोनवाला पाच वर्षं युरोपात राहून नुकताच परतला होता. तो नसताना नवे टेनरवाले पुढे आले होते, लेस्टर यंगचा बोलबाला होता. त्या दिवशीच्या मुद्रणाच्या शेवटाला 'बॉडी अँड सोल' घेतलं गेलं. जीन रॉजर्स पियानोवर चार बारांची सुरुवात करून देतो आणि हॉकिन्स आत येतो. पहिल्या काही बारांत मूळ चाल ओळखू येते, पण नुसती सावलीइतकी. मग ती गेलीच. दोन आवर्तनं, सुमारे तीन मिनिटं, आणि त्यात चाल परत येत नाही. शेवटीही नाही. सुरावटीच्या जागी तो कॉर्डच्या पोटात शिरून एकेक स्वर उलगडत जातो, पहिलं आवर्तन गोष्ट सांगितल्यासारखं, दुसरं हळूहळू चढत जाणारं. आवाज जाड, खर्जातही उबदार, वर गेला की फाटण्याच्या बेताचा.

आता गंमत बघा. ती तबकडी लोकांनी डोक्यावर घेतली. ज्यात गाणंच धड वाजवलेलं नाही, ती त्या गाण्याची सर्वांत गाजलेली तबकडी ठरली. पुढे एडी जेफरसनने हॉकिन्सने वाजवलेल्या स्वरांवर शब्द बसवून ते गायलं. नाटकातलं पद, त्यावर उपज, आणि त्या उपजेचंच नवं पद.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही गाणी टिकली ती त्यांचा मान राखणाऱ्यांमुळे नव्हे. राखणाऱ्यांनी ती फार तर दहा वर्षं जगवली असती. ती टिकली मोडतोड करणाऱ्यांमुळे. मात्र मोडणाऱ्याला गाणं बांधणाऱ्याइतकंच आतून ठाऊक हवं. न येणाऱ्याची मोडतोड ऐकवत नाही, आणि तीही मी बरीच ऐकली आहे.

मोडतोडीला पैशाचंही अंग होतं. गाणी बांधणारे पुष्कळसे ज्यू स्थलांतरितांच्या घरांतले. रशियातून पाचव्या वर्षी आलेला आयर्व्हिंग बर्लिन, ज्याला स्वरलिपी वाचता येत नसे आणि जो पियानोच्या काळ्या पट्ट्यांवरच चाली बांधी. सिनेगॉगमध्ये गाणाऱ्या कँटरचा मुलगा हॅरॉल्ड आर्लेन, ज्याचं 'स्टॉर्मी वेदर' १९३३ मध्ये एथेल वॉटर्सने हार्लेमच्या कॉटन क्लबात गायलं. मंचावर कृष्णवर्णीय कलावंत आणि समोर केवळ गोऱ्यांना प्रवेश, असा तो क्लब. गाणी गाजवणारे वादक बहुतांशी कृष्णवर्णीय. कायद्याने मालकी होती ती सुरावटीला आणि शब्दांना. उपजेच्या वाट्याला आली ती त्या दिवसाची बिदागी. पण कॉर्डच्या मालिकेवर कुणाची मालकी नव्हती. तेव्हा हिकमती वादकांनी काय केलं? जुन्या कॉर्ड ठेवल्या, वर नवी चाल बसवली, नवं नाव दिलं. गर्श्विनच्या 'आय गॉट रिदम'च्या सांगाड्यावर तर इतक्या चाली उभ्या राहिल्या की त्या सांगाड्यालाच 'रिदम चेंजेस' हे नाव पडलं.

यातली सर्वांत झणझणीत गोष्ट २६ नोव्हेंबर १९४५ ची. रे नोबल या इंग्रजाचं 'चेरोकी' हे सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करचं आवडतं गाणं. साध्या गाण्याच्या दुप्पट, चौसष्ट बारांचं, आणि ब्रिज वादकाला घाम फोडणारा. सॅव्हॉय कंपनीच्या मुद्रणात पार्कर आणि ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी सुरुवातीचा तुकडा वाजवून सवयीने 'चेरोकी'ची चाल धरतात, आणि तेवढ्यात वाजवणं मध्येच तोडलं जातं. ही अर्धवट फेरीही आज ऐकायला मिळते. मूळ चाल वाजली असती तर मालकाला पैसे द्यावे लागले असते, हे त्यामागचं कारण सांगतात. पुढच्या फेरीत चाल गायब, फक्त कॉर्ड, आणि त्यांवर पार्करचा तो वेडा वेग. नाव ठेवलं 'को-को'. चार पैसे वाचवायला गेले आणि बीबॉप या नव्या जॅझचं घोषणापत्र लिहून बसले.

गाण्याला नवे अवयवही फुटतात. पार्कर आणि गिलेस्पीने १९४५ मध्ये 'ऑल द थिंग्ज यू आर'च्या आधी एक छोटा तुकडा जोडला. कर्नचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण आज निम्मे वादक तो वाजवल्याशिवाय गाण्याला हात घालत नाहीत. १९७० च्या दशकात बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी अशी शेकडो गाणी हाताने उतरवून 'द रिअल बुक' काढलं. बेकायदा, झेरॉक्सच्या दुकानांत छापलेलं, लपूनछपून विकलेलं. त्यात चुका होत्या, आणि एका पिढीने त्या चुका पाठ केल्या. कायदेशीर आवृत्ती निघायला २००४ उजाडलं. घराण्यांच्या पाठभेदांवर हयात काढलेल्या आपल्या लोकांना हे प्रकरण जास्त समजावून सांगायला नको.

ही गाणी मुंबईला आली ती तबकड्यांतून आणि आगबोटीने. १९३५ मध्ये लिऑन ॲबे हा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलेला पियानोवादक टेडी वेदरफर्ड. त्यांच्या शेजारी बसून वाजवायला गोव्याचे वादक तयार होते, कारण चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणीच स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलेलं असे. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' झाला, हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणवला गेला, आणि दिवसा सी. रामचंद्रांकडे चित्रपटगीतांत ट्रम्पेट फुंकू लागला. १९५१ च्या 'अलबेला'तला ठेका ज्यांना प्रिय आहे, त्यांनी ब्रॉडवेच्या या चुलत घराण्याशी नातं आधीच जोडलेलं आहे.

१९७८ मध्ये मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली, तिला सॅक्सोफोनवाला सॉनी रोलिन्स आला होता. हॉकिन्सला दैवत मानत वाढलेला हा हार्लेमचा मुलगा. १९६३ मध्ये त्याने आपल्या या दैवताबरोबर एक तबकडी केली, 'सॉनी मीट्स हॉक!'. तीत कर्नचं 'ऑल द थिंग्ज यू आर' आहे. म्हातारा हॉकिन्स ऐटीत, गोलाईने वाजवतो; रोलिन्स त्याच्यासमोर मुद्दाम वाकडा, तुटक, कधी कधी नुसताच किंचाळतो. काहींना तो उद्धटपणा वाटला. मला ती गुरूला दिलेली खरी दक्षिणा वाटते. हॉकिन्सने जे गाण्याचं केलं होतं, तेच शिष्याने हॉकिन्सचं केलं.

तुम्हाला यात शिरायचं असेल तर आधी 'बॉडी अँड सोल' एखाद्या गायिकेच्या आवाजात ऐका, चाल पाठ होईपर्यंत. २०११ च्या मार्चमध्ये चौऱ्याऐंशी वर्षांच्या टोनी बेनेटबरोबर एमी वाइनहाउसने गायलेलंही चालेल; चार महिन्यांनी ती गेली. मग हॉकिन्स लावा आणि चाल मनात चालू ठेवून ऐका. नुसता हॉकिन्स ऐकलात तर अर्धंच ऐकलं.

१९३० च्या त्या गाण्याची अमेरिकेतली मालकी पंचाण्णव वर्षं पुरी होऊन १ जानेवारी २०२६ रोजी संपली. चाल आता सर्वांची आहे. ध्वनिमुद्रणांचा नियम निराळा असल्यामुळे हॉकिन्सची १९३९ ची तीन मिनिटं मात्र २०४० उजाडेपर्यंत तबकडी काढणाऱ्या कंपनीचीच राहतील.