चार जॉब आणि एक नोकरी

दरवर्षी जून उजाडला की मला दोन गोष्टी आठवतात. एक, साताऱ्याच्या घराची गळकी गच्ची. दुसरी, फोर जॉब फिएस्टा. या दोहोंचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. तो २०२३ साली आला. लिहू लिहू म्हणत हे बरेच दिवस राहिलंय. आज शनिवार आहे, बाहेर धो धो पाऊस आहे, बायको आणि लेक दोघी माहेरी गेल्यात (माहेर एकीचंच, पण हक्क दोघींचा). तेव्हा लिहूनच टाकतो.

ज्यांना व्हिडिओ गेम म्हटलं की मारिओ आणि काँट्राच आठवतात, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. फायनल फँटसी फाइव्ह हा गेम स्क्वेअर या जपानी कंपनीने डिसेंबर १९९२ मध्ये सुपर फॅमिकॉमवर आणला. आपल्या लहानपणी मिळणाऱ्या नकली डब्यांमध्ये आणि त्या '९९९९ इन १' कॅसेटमध्ये असले गेम नसायचे. हे गेम तासन् तास चालणारे, संवादांनी भरलेले, आणि जपानी भाषेत. हा गेम तर अमेरिकेतही अधिकृतपणे पोचला तो थेट १९९९ मध्ये, प्लेस्टेशनवर. पण त्याच्या आधीच, १९९८ पर्यंत, आरपीजीई नावाच्या हौशी मंडळींनी त्याचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर करून टाकलं होतं. पगार नाही, मानधन नाही, सोर्स कोडही हातात नाही. नुसत्या बायनरीत डोकं घालून जपानी लिपीसाठी लिहिलेला प्रोग्राम इंग्रजीला वळवायचा. गंमत म्हणजे नंतर आलेल्या अधिकृत भाषांतरात 'वायव्हर्न' या राक्षसाचं नाव 'वाय बर्न' असं छापलं गेलं! हौशी लोकांनी व्यावसायिकांना दिलेली अशी चपराक क्वचितच पाहायला मिळते.

मला हा गेम मिळाला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, २००२ साली. माझा रूममेट पश्या लॅमिंग्टन रोडवरून एक सीडी घेऊन आला होता. त्यात एम्युलेटर आणि शेकडो गेम. (हो, पायरसीच. आता रीतसर विकत घेतलाय, पाप फिटलं असं समजतो.) ६४ एमबी रॅमच्या त्या असेंबल्ड मशिनवर आम्ही एम-थ्रीची सबमिशन्स सोडून रात्र रात्र जागलो.

या गेमची खरी मजा त्याच्या 'जॉब'मध्ये आहे. चार पात्रं, चार स्फटिक. वारा, पाणी, अग्नी आणि पृथ्वी. एकेक स्फटिक फुटला की नवे जॉब मिळतात. नाइट, मंक, चोर, जादूगार, निंजा, सामुराई असे एकूण बावीस. कोणत्या पात्राला कोणता जॉब द्यायचा ते आपण ठरवायचं, कधीही बदलायचं. साहजिकच प्रत्येक जण सगळ्यात दणकट जोडगोळी शोधतो आणि गेम लोळवतो.

आता एवढं स्वातंत्र्य असताना माणसं काय करतात? ते स्वतःहून काढून टाकतात :)

२००९ पासून दर उन्हाळ्यात (म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात, आपल्या पावसाळ्यात) फोर जॉब फिएस्टा नावाचा हा उपक्रम चालतो. तुम्ही नोंदणी करायची. प्रत्येक स्फटिकामागे एक, असे चार जॉब चिठ्ठी काढल्यासारखे तुमच्या वाट्याला येतात. पहिल्या स्फटिकानंतर चौघांनाही तो एकच जॉब. मग दुसरा मिसळायचा, मग तिसरा, मग चौथा. शेवटच्या लढाईपर्यंत या चारच जॉबवर भागवायचं. बाकीच्यांकडे ढुंकूनही बघायचं नाही.

याचा सख्खा भाऊ म्हणजे स्पीडरन. तिथे नियम एकच, लवकरात लवकर संपव. ती मंडळी गेम खेळत नाहीत, गेमचं पोस्टमॉर्टेम करतात. उदाहरणार्थ, १९८७ च्या पहिल्या फायनल फँटसीत चालता चालता राक्षस कधी आडवा येणार हे 'रँडम' वाटतं, पण आत २५६ आकड्यांचा एक ठरलेला तक्ता आहे. पावलं मोजली की पुढची लढाई कुठे होणार ते सांगता येतं. त्याच गेममध्ये पात्रांच्या 'इंटेलिजन्स' या गुणाचा जादूच्या ताकदीवर शून्य परिणाम होतो! नासिर गेबेली हा इराणी वंशाचा अमेरिकन प्रोग्रामर. त्याने अत्यंत तुटपुंज्या मेमरीत तो गेम बसवला, आणि त्या गडबडीत हे राहून गेलं. आकडा पडद्यावर दिसतो, लेव्हलबरोबर वाढतो, पण कोणी तो वाचतच नाही. ज्यांनी कुठल्याही मोठ्या ऑफिसात अप्रेझल फॉर्म भरलाय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढे चाहत्यांनी पॅच लिहून हा बग दुरुस्तही केला.

पण स्पीडरन आणि चॅलेंज रन यांच्यात एक मोठा फरक आहे, तो लक्षात ठेवा. स्पीडरनचा विक्रम नोंदवायचा तर व्हिडिओ द्यावा लागतो, जाणकार तो तपासतात, शंका आली तर एकेक फ्रेम बघतात. चॅलेंज रनमध्ये रात्री दीड वाजता तुम्ही गुपचूप एका पात्राला नाइट केलं, लढाई जिंकलात आणि परत चोर केलं, तर बघायला कोण आहे?

असो. तर २०२३.

मे महिन्यात एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता माझ्या कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची एक मीटिंग उगवली. विषय नव्हता. एचआरची एक अनोळखी मुलगी होती, आवाज अगदी मऊ. अकरा वाजून बारा मिनिटांनी माझी सोळा वर्षांची कारकीर्द 'रिस्ट्रक्चर' झाली. दुपारपर्यंत लॅपटॉपचा ॲक्सेस गेला. बायकोला त्याच दिवशी सांगितलं. ती दोन मिनिटं गप्प बसली, मग म्हणाली, "सहा महिने निघतील. आपण बघू." होम लोनचा हप्ता तिच्या खात्यातून वळवला.

साताऱ्याला मात्र सांगितलं नाही.

आता सांगतो का ते. अण्णा जिल्हा परिषदेत क्लार्क होते. माझ्या फीसाठी त्यांनी पतपेढीचं कर्ज काढलं आणि मी नोकरीला लागल्यावरही दोन वर्षं ते स्वतःच फेडत राहिले, मला एक रुपया भरू दिला नाही. कोपऱ्यावरच्या वाण्यापासून ते देवळातल्या गुरवापर्यंत सगळ्यांना माझ्या कंपनीचं नाव पाठ होतं, उच्चार चुकीचा असला तरी. त्यांना काय सांगू? आज सांगतो, नवीन नोकरी मिळाली की एकदमच सांगतो, असं करत सहा आठवडे गेले. दर रविवारी फोन. "काम काय म्हणतंय?" "जोरात आहे." तिकडून आई, "अरे, जरा झोपत जा. आवाज ओढलेला येतोय."

दिवसभर रेझ्युमे आणि इंटरव्ह्यू. रात्री झोप येईना म्हणून त्या वर्षी फिएस्टाला नाव घातलं. वाऱ्याला मिळाला थीफ. म्हणजे चौघंही चोर! ठीक आहे, चोर निदान दुप्पट वेगाने पळतात. पाण्याला मिळाला बर्सर्कर.

बर्सर्कर म्हणजे काय ते ऐका. तो तुमचं ऐकत नाही. लढाईत इतर पात्रांना हुकूम देता येतो, याला नाही. त्याची पाळी आली की कुऱ्हाड उचलायची आणि समोर जो दिसेल त्याला हाणायचं. बास. अग्नीला मिळाला बार्ड, म्हणजे गाणी म्हणणारा आणि संकट आलं की चक्क लपून बसणारा. एकूण आमचा संघ: दोन चोर, एक माथेफिरू आणि एक गायक. कुठल्याही सर्व्हिस कंपनीतल्या प्रोजेक्टसारखा.

वाळवंटात सँडवर्म नावाचा एक किडा येतो. पडद्यावर तीन खड्डे, किडा कधी यात तर कधी त्यात. चुकून रिकाम्या खड्ड्यावर वार केला तर आतून ग्रॅव्हिटीचा तडाखा येतो आणि एचपी अर्धी होते. शहाण्या माणसाने किडा दिसेल तिथेच मारावं. पण बर्सर्करला शहाणपण कोण सांगणार? तो आपला मन लावून खड्ड्यांना मारत होता. तीनदा हरलो.

चौथ्यांदा लेक शेजारी येऊन बसली. तेव्हा दहा वर्षांची. थोडा वेळ बघून म्हणाली, "बाबा, हा वेडा आहे का?"

"त्याचा जॉबच तसा आहे."

"मग बदल ना. मघाशी तू मेन्यूत गेलास तेव्हा खूप सारे होते."

"नाही चालत. नियम आहे."

"गेममध्ये?"

"गेममध्ये नाही. आम्ही खेळणाऱ्यांनी ठरवलेला."

"पण तू बदललंस तर कोणाला कळणार?"

"कोणालाच नाही."

"मग?"

मी म्हणालो, "मग काय, मी हो म्हटलंय ना. आता खोटं कसं खेळायचं?"

तिला पटलं. मुलांना असल्या गोष्टी चटकन पटतात. ती उठून झोपायला गेली आणि मी कंट्रोलर हातात घेऊन तसाच बसून राहिलो. कधी न भेटलेल्या चार लोकांनी काढलेल्या नियमाशी मी रात्री एक वाजता इमान राखत होतो, आणि रविवारी सकाळी अण्णांना "जोरात आहे" म्हणून सांगत होतो. सलग सहा रविवार.

त्या रात्री किडा मेला की नाही ते आठवत नाही. सकाळी आठ वाजता फोन केला. तो रविवार नव्हता, त्यामुळे अण्णांनी उचलल्या उचलल्या "काय झालं?" विचारलं. मी सांगितलं. सहा आठवडे झाले हेही सांगितलं. तिकडे रेडिओ चालू होता, तो त्यांनी बंद केल्याचं ऐकू आलं. मग बराच वेळ काहीच नाही.

"पैशाचं काय?"

"आहेत, अण्णा. सूनबाईंचा पगार चालू आहे."

"बरं." पुन्हा शांतता. "आधी सांगायचं होतंस." मग खाकरून, "मोकळा आहेस तर चार दिवस ये. गच्ची गळतीय, पत्रा टाकायचाय. एकट्याने धरवत नाही."

चार दिवसांचे अकरा झाले. पत्रा टाकला, दोनदा भिजलो, एकदा हात कापून घेतला. अण्णा नोकरीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. फक्त एकदा वाण्याकडे, त्याने कंपनीचं नाव (चुकीचंच) घेऊन विचारलं तेव्हा म्हणाले, "सोडली ती. दुसरी बघतोय." 'काढलं' म्हणाले नाहीत. तेवढं खोटं मी त्यांना माफ केलं.

रात्री जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप उघडायचो. पृथ्वीच्या स्फटिकाला मला केमिस्ट मिळाला होता. दिसायला अगदी मवाळ, पण दोन औषधं मिसळून तो एका पात्राची लेव्हल वीसने वाढवू शकतो. मूळ गेम मात्र कशात काय मिसळायचं हे सांगत नाही, स्वतः करून बघावं लागतं. पश्याने हॉस्टेलवर त्याची यादी करून ठेवली होती. त्याला मेसेज टाकला, तर पठ्ठ्याने वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवला. एकवीस वर्षं जपलं होतं! खाली लिहिलं होतं, "साल्या, नोकरी गेली हे तिसऱ्याकडून कळलं. फोन कर."

शेवटच्या लढाईला अण्णा चष्मा लावून शेजारी येऊन बसले. निओ एक्सडेथ एकटा नसतो, त्याचे चार भाग असतात, चौघंही वेगवेगळे मारतात. ग्रँड क्रॉस पडला आणि माझी निम्मी माणसं कामातून गेली. केमिस्ट एकेकाला उठवत होता, बार्ड गात होता, चोर जमेल तसा सुरी चालवत होता. बर्सर्कर नेहमीप्रमाणे दिसेल त्याला हाणत होता. पण या वेळी समोर चार भाग होते आणि चारही मारायचेच होते.

"हा एक कुणाचं ऐकत नाही वाटतं," अण्णा म्हणाले.

"नाही ऐकत."

"मग ठेवलास कशाला?"

"वाट्याला आलाय."

अण्णा हसले की खोकले, कळलं नाही. संपलं तेव्हा पावणेबारा झाले होते. वर पत्र्यावर पाऊस ताशा वाजवत होता. अण्णांनी उठून खोलीचा कोपरा न् कोपरा बॅटरीने पाहिला. कोरडा होता.

नोकरी ऑक्टोबरमध्ये मिळाली, पगार आधीपेक्षा कमी. अण्णांना त्याच संध्याकाळी फोन करून आकड्यासकट सांगितला. यंदाही नाव घातलंय, वाऱ्याला ब्लॅक मेज आलाय, म्हणजे चक्क लॉटरी. पण तीन स्फटिक बाकी आहेत, तेव्हा इतक्यात काही बोलत नाही. चहा उकळून आटलाय, उठतो.