पट्टीने आखलेली नदी

पुण्याला समुद्र नाही, याचे पुणेकराला कधी वाईट वाटल्याचे मी तरी ऐकलेले नाही. जे आपल्याजवळ नाही त्याची मुळात गरजच नसते, हे आमचे जुने तत्त्वज्ञान! त्यातून कसबा पेठेला समुद्र हवा कशाला? एका अंगाला मुठा, दुसऱ्या अंगाला नागझरी, आणि पाठीशी ग्रामदैवत कसबा गणपती. पुणे वाढले ते या कसब्यापासून, आणि कसबा वसला तो नदीच्या काठाने.

‘काठ’ हा शब्द मला फार आवडतो. माझी आजी लुगडे घेताना आधी काठ पाही. रंग आणि पोत मागाहून. ‘काठ विरला की लुगड्याचे दिवस भरले’ असे ती म्हणे. पण नदीचा काठ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मला पाडला तो आमच्या नातवाने.

शाळेसाठी त्याला पुण्याचा नकाशा काढायचा होता. पेठा झाल्या, शनिवारवाडा झाला, आणि मग चिरंजीवांनी पट्टी घेऊन दोन समांतर रेघा ओढल्या व मधे निळा रंग भरला.

“अरे, नदी काय पट्टीने काढतात?”

“मग कशाने काढायची, आजोबा? पुलावरून तश्शीच दिसते की!”

मुलाचे काही चुकले नव्हते. कुठे भिंत, कुठे भराव, कुठे पात्रातूनच काढलेला रस्ता. एवढे पाहिल्यावर त्याने दुसरे काय काढावे?

खरे म्हणजे काठ ही रेघ नव्हेच. तो चांगला रुंद पट्टा असतो. पाण्यातल्या खडकांत शेरणीची झुडपे. पूर आला की ती आडवी होतात आणि ओसरला की पुन्हा उभी राहतात. त्यांच्या वर वाळुंज, मग करंज, उंबर, जांभूळ. त्यांची मुळे माती धरून ठेवतात, सावली पाणी थंड राखते, आणि काठच्या उथळ पाण्यात माशांची पिले वाढतात. पुराचे पाणी या पट्ट्यावर पसरते, त्याचा वेग मोडतो, गाळ खाली बसतो आणि थोडे पाणी जमिनीत मुरते. भिंत यातले एकही काम करीत नाही. ती पाणी फक्त पुढच्या पेठेकडे ढकलते!

अडचण एवढीच, की धरणांमुळे नदी वर्षातले सात-आठ महिने रोडावलेली असते आणि काठ मोकळा दिसतो. मोकळी जागा आणि पुणेकर यांची गाठ पडली की काय होते, हे मी सांगायला नको. पण माहेरवाशीण वर्षातून चारच दिवस येते, म्हणून तिची खोली कोणी भाड्याने देते का?

ती आली आणि तिला खोली मिळाली नाही, म्हणजे काय होते ते आमच्या पिढीने पाहिले आहे. १२ जुलै १९६१ला पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्यालाही खिंडार पडले, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. मी सहा वर्षांचा होतो. पाणी ओसरल्यावर आई वाड्यातला चिखल घमेल्याने उपसत होती आणि मधेच थांबून एकेक भांडे ओळखत होती, एवढे मला आठवते. तो पूर धरण फुटल्याचा होता, हे खरे. पण २५ जुलै २०२४ला धरण शाबूत होते. तरी धरणातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलेच.

रत्नागिरीचे आमचे व्याही दिवाळीला येतात. ते एकदा म्हणाले, “तुमच्या नदीपेक्षा आमच्या खाडीचे नशीब बरे हो!” त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. समुद्रकाठासाठी १९९१ साली केंद्राने नियम केले आणि भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामांवर मर्यादा आल्या. २०१२ साली राज्याने कांदळवनांसाठी वेगळा कक्ष काढला, आणि २०२०मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याच्या कांदळवृक्षाचा मान मिळाला. नद्यांसाठीही राज्याने २००० साली एक धोरण केले होते. काठावर कोणता कारखाना किती अंतरावर असावा, हे ते सांगे. २०१५ साली ते रद्द झाले. उरल्या त्या पूररेषा. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल.

या रेषांना काही पुणेकरांनी मात्र अर्थ आणून दिला. विठ्ठलवाडीपासून महामार्गापर्यंत नदीत रस्ता घातला, तेव्हा ते राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेले. आणि रस्ता निळ्या रेषेबाहेर न्या, आत येईल तेवढा खांबांवर घ्या, असा आदेश २०१३ साली मिळाला. त्याच विठ्ठलवाडीला ‘जीवितनदी’ संस्थेच्या मंडळींनी नदीचा एक तुकडा दत्तक घेतला. राबणारे हात असले की काठ परत येऊ शकतो.

आता ४४ किलोमीटर नदीकाठ सुधारण्याची योजना आली आहे. ६ मार्च २०२२ला तिचे भूमिपूजन झाले. फिरायला जागा, बसायला बाके, पुरापासून संरक्षण असे पालिका सांगते. झाडे जातील, पात्र आवळले जाईल, असे विरोधक म्हणतात. संध्याकाळी फिरायला मलाही आवडते. पण बाक नदीच्या काठावर मांडायचे, की काठाच्या जागी, एवढे आधी ठरू द्या.

शतकानुशतके बांध घालून पाण्याशी झुंजलेल्या नेदरलँड्सचेच पाहा. १९९५च्या पुरात तिथे अडीच लाख माणसांना घरे सोडावी लागली. मग त्यांनी बांध उंच करीत बसण्याऐवजी तीसहून अधिक ठिकाणी नदीलाच जागा करून दिली. नायमेखन शहरापाशी तर आड येणारी सुमारे पन्नास घरे हलवून बांध ३५० मीटर मागे घेतला. ज्यांनी भिंतींवर देश उभा केला, तेच हे करतात, तेव्हा आपण भिंती बांधण्यापूर्वी दोन घटका विचार करायला हरकत नाही.

भाऊबीज जवळ आली आहे. बहीण ओवाळते, तेव्हा तबकात काय घालायचे हा प्रत्येक भावापुढचा प्रश्न असतो. मुठेने या गावाला कित्येक शतके ओवाळले आहे. तिला जरी-काठाचे काही नको; तिचा स्वतःचा काठ तेवढा तिच्याकडे राहू द्यावा.