मुखाचा नियम

माळशेज घाटाच्या पायथ्याशी असलेल्या वैशाखरे येथील एका किराणा व्यापाऱ्याच्या दाटीवाटीच्या दातांत अन्नकण अडकत. चौविहाराचे पच्चक्खाण घेतल्यावरही ते जिभेला लागत, ही त्याची खंत होती. म्हणून पन्नाशीत त्याने पारदर्शक अलाइनर लावले, तेव्हा ‘या वयात रूपाचा मोह?’ असे आप्तांनी विचारले.

अलाइनर दिवसाचे २० ते २२ तास दातांवर असावे लागतात. साध्या पाण्याखेरीज काहीही घेताना ते काढावयाचे आणि दात घासूनच पुन्हा बसवावयाचे. त्यामुळे गिऱ्हाइकांसोबतचा वारंवारचा चहा सुटला. बियासणे मात्र सोपे झाले.

दात सरळ झाल्यावरही रात्री रिटेनर हवाच, अन्यथा ते पुन्हा सरकू लागतात. चातुर्मास संपला तरी संयम सोडावयाचा नसतो, हे त्याला दातांनी शिकविले.