दूरदेशची भाकरी

लहान मुलाला वाढदिवशीं जें पाहिजे असतें तें बहुधा दुकानांत मिळतें. वृद्ध माणसाला जें पाहिजे असतें तें तेथें मिळत नाहीं. म्हणून मोठ्यांचा वाढदिवस साजरा करणें अधिक कठिण. गेल्या आश्विन महिन्यांत आमच्या वडिलांना ८० वर्षें पूर्ण झालीं. शाल, आरामखुर्ची, नवा चष्मा असे नाना विचार आमच्या मनांत घोळत होते, परंतु त्यांनाच विचारलें तेव्हां ते इतकेंच म्हणाले, "बायनें माझ्या शेजारीं पंगतीला बसून चार घांस खावे. दुसरें कांहीं नको."

बाय म्हणजे त्यांची धाकटी बहीण, आमच्या आत्याबाई. वडिलांनीं विसाव्या वर्षीं बाप्तिस्मा घेतला; आत्याबाई माळकरी घराण्यांत दिलेल्या. भावाबहिणींत त्यामुळें वितुष्ट असें कधीं आलें नाहीं. दर भाऊबीजेला त्या सकाळच्या एस. टी. नें येत, भावाला ओंवाळीत, आम्हां मुलांच्या पाठीवरून हात फिरवीत. परंतु आमच्या चुलीवर शिजलेलें कांहीं त्यांनीं तोंडांत घातलें नाहीं. "ज्या भांड्यांत मांसमासळी शिजते तें भांडें माळेला चालत नाहीं," एवढेंच त्या एकदां म्हणाल्या होत्या. मग पेरू, चिकू, सीताफळ, पपई अशीं फळें त्यांच्यासमोर ठेवावीं, त्यांनीं तीं गोड मानून घ्यावीं आणि दुपारच्या गाडीनें परत जावें, असा क्रम जवळजवळ साठ वर्षें चालला. वडील आग्रह करीत नसत. बहिणीला गाडींत बसवून आले म्हणजे मात्र त्या दिवशीं ते फारसें जेवत नसत, हें आम्हीं लहानपणापासून पाहिलें होतें.

या अडचणींतून वाट काढली ती आमच्या नववींत शिकणाऱ्या कन्येनें. ती त्या सुमारास शाळेच्या ग्रंथालयांतून मेक्सिको देशाविषयीं एक पुस्तक आणून वाचीत होती. ती म्हणाली, "आपल्या नेहमींच्या स्वयंपाकाविषयीं आत्याआजींना शंका वाटते. मग जो आपल्या घरांत कधीं झालाच नाहीं असा स्वयंपाक करूं या. त्याला तवा नवा लागेल, भांडीं नवीं लागतील. मक्याची भाकरी, घेवडा, टोमॅटोची चटणी. यांत मांसाचा संबंध येतोच कोठें?"

पोरीचें बोलणें आम्हांस पटलें, आणि ग्रंथ चाळतां तें अधिकच पटलें. मका हें धान्य मूळचें मेक्सिकोचें. तेथील शेतकऱ्यांनीं एका रानटी गवतापासून सुमारें ९००० वर्षांपूर्वीं तें सिद्ध केलें. मका, घेवडा आणि भोपळा हीं तीन पिकें ते एकाच शेतांत पेरतात. त्या शेताला मिल्पा म्हणतात. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो, घेवडा जमिनीला नत्र देतो, आणि भोपळ्याचीं रुंद पानें जमिनीवर सावली धरून ओल राखतात. १५१९ सालीं एर्नान कोर्तेस हा स्पॅनिश सरदार तेथें उतरला, त्यापूर्वीं त्या देशांत माणसाळविलेलीं गाय, शेळी, मेंढी वा डुक्कर यांपैकीं कांहींच नव्हतें. ते लोक शाकाहारी होते असें नव्हे. टर्की पक्षी, मासे, शिकार हीं ते खात. परंतु सामान्य शेतकऱ्याचें रोजचें पोट मका, घेवडा, भोपळा आणि मिरची यांवर भरे. आज तेथें घेवडा डुकराच्या चरबींत परततात, ती रीति स्पॅनिश लोकांबरोबर मागाहून आली. शेंगदाण्याच्या तेलांत तोच घेवडा परतला तर मूळच्या चवीला फारसा बाध येत नाहीं.

बेत ठरला, परंतु बेत ठरविणें निराळें आणि पाहुण्याचा नेम पाळणें निराळें. आम्हीं पंचांग पाहिलें, तों वाढदिवस नेमका एकादशीला येत होता. म्हणून समारंभ दुसऱ्या दिवशीं, द्वादशीला ठेविला. चातुर्मास असल्यामुळें कांदा व लसूण घरांतून बाहेर गेले. नवा बिडाचा तवा, दोन पातेलीं, पळी आणि परात विकत आणलीं. जेवणासाठीं केळीचीं पानें आणलीं. मेक्सिकोंत भाकरीवर चीज किसून घालतात. कांहीं चीज वासराच्या जठरांतील द्रव्यानें विरजलेलें असतें, म्हणून आमच्या पत्नीनें घरींच लिंबाच्या रसानें दूध नासवून पनीर केलें. आमच्याकडे केक अंडीं घालून होतो. तोहि रद्द केला.

हें सर्व सुरळीत पार पडलें असें मात्र नाहीं. आमच्या एका तरुण नातलगाला ही तयारी पाहून राग आला. तो म्हणाला, "आपल्याच घरांत आपण अपराध्यासारखें कां वागावें? ज्याला आपलें अन्न चालत नाहीं त्यानें येऊं नये." त्याचा प्रश्न क्षुल्लक नव्हता. साठ वर्षें बहिणीनें न शिवलेलें अन्न हें त्या घराच्या मनाला कोठें तरी लागलेलें असतेंच. वडील कांहीं वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "घर आपलें आहे म्हणून तर तिचा नेम आपल्याला पाळतां येतो. तिच्या घरीं जाऊन मी काय पाळणार?" तरुणानें उत्तर दिलें नाहीं, पण दुसऱ्या दिवशीं केळीचीं पानें धुवायला तोच बसला होता.

आतां त्या भाकरीविषयीं. तिला स्पॅनिश भाषेंत टॉर्टिया म्हणतात. मक्याचें कोरडें पीठ नुसतें पाण्यांत मळलें तर ती नीट थापली जात नाहीं. मक्याचे दाणे आधीं चुन्याच्या पाण्यांत शिजवावे लागतात. आम्हीं दीड किलो मक्याला सुमारें साडेचार लिटर पाणी आणि १५ ग्रॅम खाण्याचा चुना घेतला. हा चुना डोळ्यांना व कातडीला पोळतो, म्हणून हें काम मोठ्यांनीं केलें, आणि भिंतीचा चुना यासाठीं मुळींच वापरूं नये. तासाभरानें दाण्याचें साल बोटानें सुटूं लागलें. दाणे रात्रभर त्याच पाण्यांत ठेविले, सकाळीं चोळून तीन पाण्यांनीं धुतले आणि दळले. तेथील बायका हें दळण मेताते नांवाच्या दगडी पाट्यावर दगडी वरवंट्यानें करीत आल्या आहेत. आमच्याकडे आजीच्या वेळचा पाटा-वरवंटा होताच. बरेंचसें दळण यंत्रावर झालें आणि शेवटचा हात पाट्यावर मारला.

या चुन्याची एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. मका युरोपांत गेला, परंतु चुन्याची रीति त्याच्याबरोबर गेली नाहीं. ज्या गरीब लोकांना मक्यावांचून दुसरें अन्न मिळेना, त्यांच्या अंगाची कातडी खरखरीत होऊन सोलूं लागली, हगवण लागली, बुद्धिभ्रंश झाला. १७३५ सालीं गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्यानें या रोगाचें वर्णन केलें. पुढें इटलींत त्याला पेलाग्रा हें नांव पडलें. अमेरिकेच्या दक्षिण भागांत विसाव्या शतकाच्या आरंभीं तो पुष्कळ पसरला, तेव्हां १९१४ पासून डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनीं शोध करून दाखविलें कीं, हा रोग संसर्गाचा नसून अपुऱ्या अन्नाचा आहे. नायासिन या जीवनसत्त्वाची उणीव हें त्याचें कारण, असें १९३७ सालीं कळलें. मक्यांत हें सत्त्व असतें, पण तें बांधलेलें असतें. चुना तें मोकळें करतो. मेक्सिकोच्या अक्षरशत्रु शेतकरणीला जीवनसत्त्वाचें नांव माहीत नव्हतें; परंतु सासूनें सुनेला दाखविलेली रीति तिनें सोडली नाहीं, आणि तिची मुलें वांचलीं. धान्य उचलणें सोपें. त्याबरोबर धान्यवाल्याची रीति समजून घेणें हें शहाणपण.

द्वादशीला सकाळीं नऊच्या गाडीनें आत्याबाई आल्या. बरोबर त्यांचा मुलगा, सून आणि नातवंडें होतीं. एकादशीचा उपास सुटायचा होता. अशा दिवशीं त्या घरूनच दोन घांस खाऊन निघत. त्या दिवशीं मात्र नुसत्या पाण्यावर आल्या होत्या. आम्हीं कांहीं विचारलें नाहीं. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं बसून पाहूं लागल्या. आमची कन्या थापीत होती आणि भाकरीच्या कडा फाटत होत्या. एक फाटली, दुसरी फाटली. तिसरी तव्यावर जातां जातां दुमडली. आत्याबाईंच्या हाताचीं बोटें मांडीवर हलूं लागलीं. अखेर त्या उठल्या, हात धुतले, पदर खोंचला आणि म्हणाल्या, "सर तिकडे, पोरी. भाकरीला भिऊन भाकरी होत नसते. पीठ कशाचं आहे?"

"मक्याचं, आजी. चुन्यांत शिजवलेलं."

त्यांनीं पिठाचा गोळा नाकाशीं नेला, बोटांनीं दाबून पाहिला. "ज्वारीला उकळतं पाणी लागतं, तेव्हां कुठं चिकटा येतो. याला आपसूक आलाय." आणि पहिली भाकरी त्यांच्या हाताखालीं चंद्रासारखी वाटोळी फिरूं लागली. "भाकरीच की ही! तिकडच्या बायका जरा लहान थापतात, एवढंच." त्यानंतर त्यांनीं कोणाला परातीजवळ येऊं दिलें नाहीं. आमच्या पत्नीनें भाजल्या, त्यांनीं थापल्या. शंभराच्या आंतबाहेर भाकरी झाल्या असतील.

दुपारीं बावीस माणसांची पंगत बसली. पानावर टॉर्टिया, सातारा जिल्ह्यांत होणारा वाघ्या घेवडा रात्रीं भिजवून, शिजवून, तेलांत घोटलेला, टोमॅटो आणि हिरव्या मिरच्या तव्यावर काळसर भाजून कोथिंबीर-लिंबू घालून वाटलेली चटणी, अव्होकाडो या फळाचा कुसकरलेला गर, पनीर, आणि टोमॅटोच्या रसांत शिजविलेला तांबडा भात. भाकरींत हें सर्व थोडें थोडें घालून, दुमडून, हातानें खावयाचें. वडिलांनीं डोळे मिटून प्रार्थना केली. आत्याबाईंनीं पांडुरंगाचें नांव घेतलें. मग त्यांनीं घांस मोडला. पंगतींत कोणी त्यांच्याकडे पाहत नव्हतें आणि सर्वजण त्यांच्याकडेच पाहत होते. घांस चावून त्या म्हणाल्या, "मका गोड आहे रे, दादा." वडिलांनीं मान हलविली, त्यांना बोलवेना. आत्याबाईंनीं बारस आमच्या घरीं सोडली.

शेवटीं केकच्या जागीं राजगिऱ्याची वडी आली. तेव्हां आमच्या कन्येनें आपलें ज्ञान बाहेर काढलें. राजगिरा हा मूळचा त्याच देशाचा. तेथेंहि तो फुलवून गोड पाकांत वड्या पाडतात, आणि त्या वडीला आलेग्रिया, म्हणजे आनंद, असें म्हणतात. आत्याबाई थक्क झाल्या. "म्हणजे आमचा उपासाचा राजगिरा परदेशी?" मुलगी म्हणाली, "आजी, उपासाचा बटाटा, रताळें, शेंगदाणे, साबूदाणा ज्याचा करतात तें कंद, आणि हिरवी मिरची, सगळें अमेरिका खंडांतून आलेलें. मिरची पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत आणली. आणि तुम्ही आमच्याकडे इतकीं वर्षें जीं फळें खात आलांत, पेरू, चिकू, सीताफळ, पपई, तींहि तिकडचींच!" क्षणभर शांतता झाली, आम्हांस भीति वाटली कीं, मुलगी मर्यादा सोडून बोलली. परंतु आत्याबाई मोठ्यानें हंसल्या. "मग साठ वर्षं मी तुमच्या घरीं हेंच जेवण जेवत होतें म्हणायचं. नुसतं शिजवायचं राहिलं होतं." आणि त्यांनीं वडीचा एक तुकडा उचलून भावाच्या तोंडांत घातला.

विद्यार्थिमित्रहो, यांत आत्याबाईंनीं आपला नेम सोडला नाहीं आणि वडिलांनीं आपली श्रद्धा सोडली नाहीं. दोघांनाहि कांहीं सोडावें लागलें नाहीं, हेंच आम्हांस विशेष वाटतें. आपण पुष्कळदां दुसऱ्याचा नेम खरा कीं खोटा याचा वाद घालीत बसतों, आणि तोंवर अन्न निवून जातें. ज्या वस्तूंना आपण अगदीं आपल्या म्हणतों त्यांतील कित्येक समुद्र ओलांडून आल्या आहेत. कोणीं तरी त्यांना आपल्या अंगणांत जागा दिली म्हणून त्या आपल्या झाल्या. तुमच्या वर्गांत डब्याच्या वेळीं वेगळा बसणारा एखादा सोबती असेल. तो कां वेगळा बसतो, हें त्याला चारचौघांत विचारूं नका. त्याला काय चालतें तें हळूच जाणून घ्या, आणि एके दिवशीं आपल्या डब्यांत तें घेऊन जा.

यंदाच्या भाऊबीजेला आत्याबाईंचा निरोप आधींच आला आहे: मका भिजत घालून ठेवा, थापायला मी येतें.